पुठ्ठ्यापासून पॅनेलपर्यंत : आरव्ही-९ए च्या कॉकपिटच्या नोंदी

घरीच बांधतोय ते विमान आरव्ही-९ए, शेजारीशेजारी दोन सीट, मागे सरकणारी कॅनॉपी (डोक्यावरचं पारदर्शक झाकण). इंजिन लायकमिंग ओ-३२०, १६० अश्वशक्ती. जागा ओहायोत डेटनजवळ, घराचं दोन गाड्यांचं गॅरेज. दोन्ही गाड्या गेली पाच वर्षं बाहेर बर्फात. शेपटी, पंख आणि सांगाड्याच्या नोंदी वेगळ्या वह्यांत आहेत. इथे फक्त पॅनेल (वैमानिकासमोरचा फळा), त्यावरची उपकरणं, स्विच आणि मागचं वायरिंग. दोन महिन्यांत उरकेल असा अंदाज होता. आठ लागले.

इचलकरंजीत आमचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान. बाबांच्या मागे आता दादा चालवतो. बाबांचा एक दंडक होता : वायर जोडण्याआधी, उद्या ती काढायला हात कुठून घालणार ते बघायचं. दहावीपर्यंत मी त्या दुकानात ट्रकचे डायनॅमो उघडले, मग इंजिनीअर झालो आणि हे विसरलो. दादा या नोंदींत अधूनमधून फोनवरून येतो.

५ नोव्हेंबर २०२२

पॅनेलचं चित्र संगणकावर उन्हाळ्यातच काढून ठेवलं होतं. मधोमध दहा इंची स्क्रीन. डावीकडे काट्यांची दोन गोल उपकरणं, वेगमापक आणि उंचीमापक. स्क्रीन मेलीच तर घरी यायला. उजवीकडे रेडिओ आणि ट्रान्सपाँडर (रडारला उत्तर देणारं यंत्र). खाली एका ओळीत बारा स्विच, ज्या क्रमाने चालू करायचे त्या क्रमाने : मास्टर (सगळ्या विजेचा मुख्य स्विच), इंधनपंप, डावा मॅग्नेटो, उजवा मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारी यंत्रं), मग दिवे. ओळ अशी सरळ, अंतरं अशी सारखी की चित्र भिंतीवर लावावं.

आज ते खऱ्या मापात छापलं, टीव्हीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर डकवलं आणि पॅनेलच्या जागी चिकटपट्टीने लावलं. स्विचच्या जागी खिळे टोचले. तास गेले तीन, खर्च शून्य. अख्ख्या कामात सगळ्यात स्वस्तात पडलेली गोष्ट हीच.

६ नोव्हेंबर

सीटवर उशी टाकून बसलो. या विमानात डाव्या सीटवरून उडवताना डाव्या हातात स्टिक, म्हणजे विमान वळवायची दांडी, आणि उजवा हात मधल्या थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायच्या दांडीवर असतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. शंभरावर तास विमानं उडवलीत. पण चित्र काढताना हात माउसवर होता.

पंख खाली असल्याने इंधन आपोआप इंजिनापर्यंत उतरत नाही. इंजिनाचा स्वतःचा पंप असतो, पण उड्डाण, उतरणं आणि टाकी बदलणं या तीन वेळी विजेचा पंपही चालू ठेवायचा. नेमका त्याचाच स्विच मी डाव्या टोकाला टाकलेला. तो चालू करायला स्टिक सोडायची, नाहीतर उजवा हात पोटावरून आडवा न्यायचा. तोही जमिनीपासून पाचशे फुटांवर.

मग मुलीला शेजारी बसवलं आणि डोळे मिटले. ती ओरडणार "पंप!", मी खिळ्यावर बोट ठेवणार. दहापैकी चार चुकले. दोनदा पंप म्हणून माझं बोट डाव्या मॅग्नेटोवर गेलं. तिला मजा वाटली. मला नाही.

नवी मांडणी : पंप आणि फ्लॅपचे (पंखांच्या मागच्या झडपांचे) स्विच थ्रॉटलच्या शेजारी, उजव्या हाताच्या बोटांच्या टप्प्यात. पंपाची दांडी चपटी आणि रुंद, फ्लॅपची गोल, अंधारात चाचपूनही फरक कळेल अशी. मॅग्नेटो डावीकडेच, पण मास्टरपासून दोन बोटं लांब, आणि दांडी बाहेर ओढल्याशिवाय न हलणाऱ्या जातीचे. दिवे उजवीकडे. ते चुकले तरी कुणी मरत नाही. ओळ आता वाकडी दिसते, आणि दहापैकी दहा बरोबर येतात.

१९ नोव्हेंबर

ऑर्डरी दिल्या. दिवसा, नजरेने बघून उडायचं तर नियमांतली यादी छोटी आहे : वेग, उंची, होकायंत्र, इंजिनाचे फेरे, तेलाचा दाब आणि तापमान, प्रत्येक टाकीतलं इंधन. बाकी बरंचसं हौस. पण डेटनचं आकाश क्लास सी, म्हणजे नियंत्रित, आणि १ जानेवारी २०२० पासून तिथे एडीएस-बी (विमान कुठे आहे ते सतत प्रसारित करणारं यंत्र) नसेल तर आत यायचं नाही. म्हणून तोही खर्च आला.

सर्किट ब्रेकरची लांब रांग लावायची नाही असं ठरवलं. गाड्यांत असतात तसे पात्याचे फ्यूज, एका पेटीत, हात पोचेल तिथे, पण विमान जमिनीवर असतानाच. उडताना फ्यूज बदलत बसायचं नाही. एक उपकरण गेलं की त्याच्यावाचून उतरायचं.

३ डिसेंबर

पॅनेलचा पत्रा २०२४-टी३ ॲल्युमिनियम, ०.०६३ इंच, म्हणजे १.६ मिमी. मोठ्या गोल उपकरणाचं भोक ३⅛ इंचाचं. बाजारात सीएनसीवर कापून मिळतं, पण मला ते स्वतःच करायचं होतं. उभ्या ड्रिलला फिरतं एकपाती कटर लावलं. पहिलं भोक छान पडलं. दुसऱ्याच्या वेळी पत्रा नीट आवळला नव्हता; पातं अडकलं, पत्रा गरकन फिरला आणि ड्रिलच्या खांबावर आपटला. बोटं वाचली ती फक्त मी त्या क्षणी चष्मा वर करत होतो म्हणून.

पत्रा वाया, ६५ डॉलर. यापुढे चारही कोपऱ्यांत क्लॅम्प, खाली प्लायवूडचा तुकडा, आणि ड्रिलची गती सगळ्यात कमी.

१० डिसेंबर

दुसरा पत्रा. भोकं पडली, कडा घासल्या, चारही बाजूचे स्क्रू जुळले. उंचीमापक मागून बसवायला गेलो तर बसेना. त्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात हवेचा दाब जुळवायची घुंडी असते आणि ती ३⅛ च्या वर्तुळाबाहेर येते. तिच्यासाठी भोकाला कोपऱ्यात खाच ठेवावी लागते. उत्पादकाच्या मापाच्या कागदावर ती काढलेली होती. मी वर्तुळाचा व्यास वाचला आणि कागद घडी करून ठेवला.

अर्धगोल कानस घेऊन बसलो. दहा वेळा घासायचं, उपकरण लावून बघायचं, पुन्हा दहा वेळा. ॲल्युमिनियम कानशीच्या दातांत भरतं, तिथे खडू घासला की कमी भरतं. ही बाबांची युक्ती. दीड तासात घुंडी मोकळी फिरायला लागली. मग हौसेने "थोडं अजून" घासलं आणि खाच उपकरणाच्या कडेबाहेर आली. आता समोरून बघितलं की तिथून आतला अंधार दिसतो, नखाएवढा. काळ्या रंगाने झाकेल म्हणालो. झाकलं नाही.

१७ डिसेंबर

काम नाही. मुलीला घेऊन कॅरिलन पार्कला गेलो, तिथे राइट बंधूंचं १९०५ चं विमान आहे. गावात आज त्यांचाच दिवस. पहिलं उड्डाण १७ डिसेंबर १९०३ चं. त्या दिवशीच्या विमानावर उपकरणं तीन : स्टॉपवॉच, हवेचा वेग मोजणारं यंत्र आणि इंजिनाचे फेरे मोजणारं. एक दांडी हलवली की इंजिन बंद आणि तिन्ही उपकरणंही त्याच क्षणी थांबलेली, म्हणजे उतरल्यावर निवांत आकडे वाचायचे. एक स्विच! मी बारांवर आलोय आणि परवा तेराव्याचा विचार करत होतो. तो रद्द केला.

७ जानेवारी २०२३

तिसरा पत्रा कापला, कारण ती खाच रोज डोळ्यांत खुपत होती. बायको म्हणाली, हे ६५ डॉलर हट्टाच्या खात्यात लिही. लिहिले.

खरा दणका पुढे. पॅनेल जागेवर बसवलं, रेडिओचा ट्रे मागून सरकवला, आणि तो ठक् करून थांबला. पॅनेलमागे आगभिंतीच्या (इंजिन आणि कॉकपिटमधल्या पत्र्याच्या भिंतीच्या) दिशेने उभ्या फासळ्या जातात, त्यांतल्या एकीवर ट्रेचा मागचा कोपरा येतो. पुठ्ठ्याला खोली नसते, हे माझ्या लक्षात आलंच नव्हतं. तिथे रिकामी खोकी मागे लावून बघायला हवी होती; रेडिओच्या मापाचं एक चहाचं खोकं पुरलं असतं.

पर्याय दोन. रेडिओ हलवला तर चौथा पत्रा. फासळी कापली तर ताकदीचा प्रश्न. स्थानिक क्लबातले एक जुने बिल्डर तांत्रिक सल्लागार म्हणून येतात, त्यांना बोलावलं. ते पाच मिनिटं नुसते वाकून बघत राहिले, मग म्हणाले, काप, पण आधी पलीकडून कोन लाव, मग काप. उलट क्रमाने करशील तर वरचा पत्रा हलेल.

२८ जानेवारी

तीन शनिवार-रविवार गेले. फासळीला ट्रेपुरतं चौकोनी खिंडार, त्याभोवती ॲल्युमिनियमच्या कोनाची चौकट, चोवीस रिव्हेट. सामान १५ डॉलरचं. गॅरेजमध्ये उणे आठ सेल्सिअस, रिव्हेट दाबायची पक्कड हातमोज्यातून चावत होती.

ज्यांची कॅनॉपी मागे सरकणारी आहे त्यांच्यासाठी : पॅनेलवरचा पुढचा पत्रा अजून रिव्हेट केला नसेल तर करू नका. क्लेकोंवर (रिव्हेटच्या भोकांत घालायच्या काढत्या-घालत्या पिनांवर) तात्पुरता ठेवा. मी आतापर्यंत तो चाळीस वेळा काढलाय. रिव्हेट झाल्यावर मागे जायचा एकच रस्ता उरतो, तो म्हणजे सीटवर उलटं झोपून पेडलमध्ये डोकं.

११ फेब्रुवारी

वायरिंग सुरू. टेफझेलचं आवरण असलेली विमानाची वायर, बहुतेक ठिकाणी २२ गेज, पंप आणि दिव्यांना १८.

टोकांना लग (वायर जोडायची धातूची टोकं) लावायला २५ डॉलरचा दाबायचा चिमटा घेतला होता. पहिले चाळीस लग त्यानेच दाबले. मग सहज एका वायरीला सामान तोलायचा ताणकाटा अडकवून ओढलं. दोन किलोला वायर हातात. दुसरी, तीन किलो. तिसरी सात किलोला टिकली. म्हणजे चांगले कोणते, वाईट कोणते, बघून काही कळत नाही. चाळीसही कापले.

नवा रॅचेटचा चिमटा, पुरता दाबल्याशिवाय सुटतच नाही असा, आणि त्याचे जबडे आमच्या लगच्याच मापाचे. आता दर दहावा लग ताणकाट्याने सात किलोला ओढतो. एकही निघालेला नाही. दादाला सांगितलं तर म्हणाला, "दुकानात आपण पकडीनंच दाबत आलोय की." मग थोडं थांबून, "पण आपली गाडी बंद पडली तर बाजूला घेता येती."

२६ फेब्रुवारी

मॅग्नेटो. हा भाग नीट वाचा.

या इंजिनाला दोन मॅग्नेटो. माझ्या इंजिनात डाव्यालाच इम्पल्स कपलिंग आहे, म्हणजे सुरू करताना ठिणगी उशिरा टाकण्याची सोय. उजव्याला नाही. उजवा चालू ठेवून स्टार्टर दाबला तर ठिणगी लवकर पडते, पंखा उलटा झटका मारतो आणि स्टार्टरचं नाक फुटू शकतं. चावीच्या स्विचमध्ये याची व्यवस्था आतच करतात. माझे साधे वेगवेगळे स्विच, तेव्हा ती मला करावी लागणार.

उपाय सोपा निघाला. उजव्या मॅग्नेटोचा स्विच दुहेरी घेतला. एका बाजूने मॅग्नेटोची वायर, दुसऱ्या बाजूने स्टार्टरच्या बटणाची. उजवा बंद असेल तेव्हाच बटणाला वीज पोचते. विसरलो तर काहीच होणार नाही. स्टार्टर गप्प बसेल.

मॅग्नेटोची वायर जाळीच्या आवरणाची, जाळी इंजिनाकडच्या टोकाला जमिनीला, म्हणजे अर्थिंगला, जोडलेली. एक संध्याकाळ.

२२ मार्च

पाडवा. सकाळी गुढी, दुपारी ऑफिस, संध्याकाळी श्रीखंड खाऊन गॅरेजमध्ये. पहिल्यांदा बॅटरी जोडली. एकेक फ्यूज घालत गेलो. मास्टर चालू केला, खट् असा भरीव आवाज आला, स्क्रीन उजळली. मुलीने टाळ्या वाजवल्या. मी फोटो काढून दादाला पाठवला.

सात-आठ मिनिटांनी जळकट वास. मास्टर बंद करून आगभिंतीवरच्या मास्टरच्या कॉन्टॅक्टरला (विजेने ओढला जाणारा जाड स्विच) हात लावला आणि झटकन काढला. चटका बसला.

२३ मार्च

दादाचा फोन पहाटेच. फोटो बघून त्याला पुढचं सांगायची गरजच नव्हती.

"अरं, त्यो सेल्फचा सोलेनॉइड हाय. मेनला कशाला लावलास?"

"दोन्ही एकसारखेच दिसतात."

"दिसत्यातच की. म्हणून ओहम बघायचं असतंय."

मोजलं. मास्टरच्या जागी असलेल्याच्या कॉइलचा रोध चार ओहमच्या आत. दुसऱ्याचा सोळाच्या आसपास. सेल्फचा, म्हणजे स्टार्टरचा, सोलेनॉइड काही सेकंदांसाठी बनलेला असतो, जोरात खेचतो आणि तीन-चार अँपिअर खातो. मास्टरचा तासन्‌तास चालू राहायचा, तो एका अँपिअरच्याही आत भागवतो. बाहेरून डबा तोच, बोल्ट तेच. खोक्यावर लिहिलेलं होतं, पण खोकी मी नोव्हेंबरातच फेकली होती.

अदलाबदल करायला चार तास, कारण जाड केबलींची लांबी त्या त्या जागेनुसार कापलेली. एक नवी करावी लागली. कॉइलवरचे डायोडही पुन्हा लावले. पट्टीची बाजू बॅटरीकडे. सोलेनॉइड अजून चालतो, पण शिजलेला भाग विमानात नको म्हणून नवा मागवला, ४० डॉलर.

८ एप्रिल

आज एक चूक सापडली ती सापडली नसती तर काय, याचा विचार रात्रभर डोक्यात होता.

मॅग्नेटोचा स्विच बाकी सगळ्यांच्या उलटा असतो. पंपाचा स्विच बंद केला की वायर तुटते. मॅग्नेटोचा बंद केला की वायर जमिनीला जोडली जाते आणि ठिणगी मरते. म्हणजे वायर मध्येच कुठे तुटली तर मॅग्नेटो कायमचा चालू, आणि पंख्याला कुणी सहज हात लावून फिरवला तरी इंजिन भडकू शकतं.

इंजिनाकडून दोन्ही वायरी सोडवल्या. मल्टीमीटरचं एक टोक वायरीला, दुसरं सांगाड्याला. उजवा : बंद, मीटर टीं करतो, चालू, गप्प. बरोबर. डावा : बंद, गप्प. दांडी वर केली, टीं.

पुन्हा केलं. टीं. मुलीला दांडी हलवायला बसवलं आणि मी मीटरकडे बघत राहिलो. ती म्हणते "बंद", मीटर गप्प.

कारण साधं. या दांडीच्या स्विचमध्ये दांडी वर केली की आतला पूल खाली झुकतो आणि मधलं टोक खालच्या टोकाला जोडलं जातं. उजवा स्विच लावताना मी मीटरने तपासून जोडला होता, दुहेरी असल्याने भीती वाटली म्हणून. डावा सोपा वाटला, म्हणून डोळ्यांनी. वरचं टोक म्हणजे वर, असं गृहीत धरून.

लग एका टोकावरून दुसऱ्यावर, दोन मिनिटांचं काम. त्यानंतर बाराही स्विच मीटरने तपासले, आणि दिव्यांतला आणखी एक उलटा निघाला. एफएएच्या (अमेरिकेच्या विमान खात्याच्या) तपासणीसाला दाखवायला ही पानं ठेवणार आहे. लपवण्यात अर्थ नाही.

२२ आणि २३ एप्रिल

पिटो आणि स्टॅटिक. पंखाखालच्या पिटो नळीतून समोरच्या हवेचा दाब, सांगाड्याच्या दोन्ही बाजूंच्या बारीक भोकांतून स्थिर हवेचा. आरव्हीमध्ये ही स्थिर भोकं म्हणजे चक्क पॉप रिव्हेटची डोकी, आतली कांडी काढून टाकलेली. मला ते कामचलाऊ वाटलं होतं आणि पत्र्यालगत सपाट बसणारे सुबक पोर्ट घेण्याच्या विचारात होतो. सल्लागारांनी अडवलं. त्या डोक्याचा फुगीरपणाच हवेचा दाब बरोबर वाचायला लावतो. सपाट लावलेल्यांचे वेग चुकीचे आलेले त्यांनी पाहिलेत. रिव्हेटच ठेवले.

गळती तपासायला घरगुती मॅनोमीटर : लाकडी पट्टीवर पारदर्शक नळीचा यू, त्यात खाण्याचा लाल रंग घातलेलं पाणी. पिटोला मोठ्या सिरिंजने हळूहळू दाब दिला. दोन बाजूंत साडेसोळा सेंटिमीटरचा फरक म्हणजे साधारण १०० नॉट. काटा ९८ वर, स्क्रीन १०० वर. छान. तोंडाने मात्र कधीही फुंकू नका, वेगमापकाच्या आतली पातळ पत्र्याची डबी फाटते.

स्टॅटिकला सिरिंजने हवा ओढून उंचीमापक हजार फुटांनी वर नेला. नियम असा की एका मिनिटात शंभर फुटांहून जास्त उतरता कामा नये. माझा वीस सेकंदांत परत जमिनीवर.

शनिवारचा अख्खा दिवस साबणाच्या पाण्यात गेला, आणि साबण इथे निरुपयोगी. आत हवा ओढली जाते, बुडबुडे येणार कुठून? रविवारी सांधे एकेक करून बंद करत गेलो. स्क्रीनमागच्या टी सांध्यात चोर सापडला. नळी मी कात्रीने कापली होती, टोक तिरकं. दाबून बसवायच्या सांध्यांना टोक काटकोनातच लागतं. नव्या पात्याने सगळी सतरा टोकं पुन्हा कापली. मिनिटाला वीस फूट.

ट्रान्सपाँडरची अधिकृत तपासणी परवानाधारक दुकानाकडूनच, दर २४ महिन्यांनी. ते विमानतळावर गेल्यावर.

६ मे

हेडसेट लावला की कानात टक्, टक्, टक्. पंखांच्या टोकांचे चमकते दिवे लावले की त्यांच्याच ठेक्यात. फिल्टर आणला, १८ डॉलर, काही फरक नाही. दिव्यांच्या वायरी लांब नेल्या, थोडा फरक.

हेडसेटचे जॅक मी सरळ ॲल्युमिनियमच्या पट्टीत आवळले होते. म्हणजे आवाजाच्या वायरीची जमीन दोन ठिकाणी : एक इंटरकॉमकडे, दुसरी सांगाड्यात, आणि त्या सांगाड्यातूनच दिव्यांचा करंट परत जातो. भोकं थोडी मोठी करून जॅकखाली फायबरचे खांदेवाले वॉशर घातले. चार वॉशर, तीन डॉलर. शांत. असे शांत की आधी बिघडलंच काहीतरी असं वाटलं.

२० मे

होकायंत्र. काचेच्या मागच्या कमानीच्या मधल्या दांड्यावर लावलं होतं, नजरेसमोर, छान दिसायचं. ती कमान पोलादी नळीची आहे. उत्तरेला तोंड केलं तर ३५ अंश दाखवी. समायोजनाचे दोन्ही स्क्रू टोकापर्यंत फिरवले तरी १८.

उचलून पॅनेलच्या वरच्या काठावर आणलं, स्क्रू पितळी. आता सगळ्यात वाईट दिशेला सहा अंश. मग लँडिंग लाइट लावला आणि सुई आणखी चार अंश सरकली. दिव्याची वायर पॅनेलच्या काठाखालून एकटीच जात होती. परतीची वायर तिच्याबरोबर पिळून नेली. दोन्हींचे करंट उलट दिशेचे, एकमेकांना खातात. सुई हलेना.

स्क्रीनला दिशा सांगणारा मॅग्नेटोमीटर मागे शेपटीकडे, लोखंडापासून दूर. त्याने एकदाही त्रास दिला नाही. त्याच्याबद्दल लिहायला काही नाही हीच बातमी.

३ जून

विमान ट्रेलरवर घालून भाड्याच्या हँगरला नेलं, पंख जोडले. प्रत्येक स्विचला नाव, प्रत्येक फ्यूजला आकडा. दाराशी "एक्स्पेरिमेंटल" दोन इंची अक्षरांत. प्रवाशासाठी इशाऱ्याची पाटीही लावली, हे विमान हौशी माणसाने बांधलेलं आहे असं सांगणारी. बायकोने ती दोनदा वाचली.

१७ जून

इंजिन पहिल्यांदा. चाकांना ओंडके, शेपटी जमिनीतल्या कडीला बांधलेली, अग्निशामक घेऊन शेजारचे वैमानिक उभे. उजवा बंद, डावा चालू, पंप, बटण. तिसऱ्या फेऱ्याला पकडलं.

तेलाचा दाब : वाचनच नाही. आकड्याच्या जागी नुसत्या रेघा. लायकमिंगचं म्हणणं, तीस सेकंदांत दाब दिसला पाहिजे. मी बारा मोजले आणि इंधन-हवेच्या मिश्रणाची दांडी ओढून इंजिन बंद केलं.

तेल नळीत पोचलं होतं, सांधा ढिला करून बघितलं. सेन्सरही चांगला. हा सेन्सर एकाच वायरीचा, जमीन त्याच्या अंगातूनच घेतो. मी तो आगभिंतीवरच्या ॲनोडाइज केलेल्या ठोकळ्यात बसवला आणि आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी पोटभर गुंडाळली. वरून रंग, खालून पट्टी. अंगाला जमीन मिळालीच नाही. पट्टी काढून आट्यांना द्रव सीलंट, आणि ठोकळ्यापासून सांगाड्यापर्यंत वेगळी वायर. दुसऱ्या वेळी सहा सेकंदांत ७० पीएसआय.

२४ जून

हिशेब. स्क्रीन, इंजिनाचे सेन्सर, ट्रान्सपाँडर, एडीएस-बी मिळून ११,८०० डॉलर. रेडिओ आणि इंटरकॉम १,९००. काट्यांची दोन्ही उपकरणं ८८०, होकायंत्र २१०. वायर, लग, फ्यूज, स्विच ७४०. हत्यारं २६०. पत्रे तीन, १९५. वहीत तास ३१२, त्यांतले नव्वदेक केलेलं पुन्हा करण्यात.

२५ जून

पुढचा पत्रा अखेर रिव्हेट केला. सल्लागार आत आडवे होऊन बकिंग बार (रिव्हेटला मागून टेकवायचा लोखंडी ठोकळा) धरून, मी बाहेरून रिव्हेटची बंदूक घेऊन. दुपारी तीनला शेवटचा रिव्हेट. हात मिळवले, कॉफी झाली, ते घरी गेले.

हत्यारं आवरताना बाकावर एक वायर दिसली. टोकाला टेलिफोनसारखा छोटा प्लग. अपघातानंतर आपोआप संदेश पाठवणाऱ्या यंत्राची, पॅनेलवरच्या त्याच्या स्विचपासून मागे जाणारी. परवा पत्र्याच्या कडा घासताना मध्ये येत होती म्हणून मीच काढून ठेवलेली.

सीटच्या पाठीवर पाय, पेडलमध्ये डोकं, तोंडात टॉर्च. डाव्या हाताचं मनगट फ्यूजच्या पेटीमागून जातं, पण मग बोटं वाकत नाहीत. उजवा हात फासळीच्या खिंडारातून, रेडिओच्या ट्रेखालून. एका प्लगला पन्नास मिनिटं. बसला तेव्हा टिक् असा आवाज आला, की तो माझ्या मानेचा होता कोण जाणे, म्हणून बाहेर येऊन यंत्राची चाचणी घेतली. दिवा लागला.